बेंबळीच्या खड्ड्यातली पाहुणी

केरकचऱ्यावर माणसानं बोलावं तरी किती? ग्रामसेविका कस्तुराबाई बोलून बोलून थकली होती. परंड्याकडची पोर, मॅट्रिक होऊन ट्रेनिंग घेतलेली. बेंबळीत नेमणूक झाली तेव्हा तिला वाटलं होतं, बायकांना शिवणाचे टाके घालायला, पोरांना टोचून घ्यायला शिकवणं जड जाईल. ते सगळं झालं. अडलं ते उकिरड्याशी.

बहात्तरच्या दुष्काळात गावातली निम्मी जनावरं बाजारात गेली होती. त्याला दोन पावसाळे उलटले तरी गोठे भरले नव्हते, आणि शेण नाही तर खत कुठलं? म्हणून तिनं चावडीमागच्या पडीक जागेत सगळ्या गावाचा मिळून एक खड्डा खणून घेतला. केराचा थर, त्यावर शेणकाला, मग माती, वरून पाणी. महिला मंडळाच्या बायका हे पाढ्यासारखं म्हणून दाखवत, तिला चहा पाजत आणि घरी जाऊन पाटी आपापल्या उकिरड्यावरच रिकामी करत. खड्ड्यात केर यायचा तो फक्त बौद्धवाड्यातला, म्हणजे ती स्वतः राहायची त्याच गल्लीतला. तिथं कुणाच्या दारात उकिरड्यापुरती जागाच नव्हती.

पंचायतीतल्या आबारावांनी जागा दिली होती ती आखितीपर्यंतच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या बोलीवर. आखितीला खत निघालं तर जागा मंडळाची, नाहीतर तिथं त्यांच्या कडब्याची गंज. जाता-येता ते खड्ड्यात डोकावत आणि विहीर खणल्यासारखं पाणी लागलं का म्हणून खवचटपणे विचारत.

शेवटी एका दुपारी तिनं विठाबाईला गाठलं. मंडळात शब्द चालायचा तो विठाबाईचा. आमचा केर बौद्धवाड्याच्या केरात कसा मिसळायचा, असं काहीतरी ऐकावं लागेल म्हणून कस्तुराबाई उत्तर तयार ठेवून गेली होती. उत्तर तसंच राहिलं. विठाबाईनं सांगितलं ते निराळंच. उकिरडा म्हणजे घरची लक्ष्मी. दिवाळीच्या पाडव्याला शेणाचे पांडव तिथंच जातात, दिवा तिथं लागतो. आपली लक्ष्मी उचलून गावाच्या खड्ड्यात कशी टाकायची?

कस्तुराबाईनं स्वतः देवदेव कधी केला नव्हता. ती वैतागून बोलून गेली, "मग खड्ड्यातच लावा की दिवा. लक्ष्मी येईल तिथं."

बोलली आणि विसरली. पण विठाबाई विसरली नाही. पाडव्याच्या संध्याकाळी घराघरांतले पांडव टोपलीतून खड्ड्यावर आले, हळदकुंकू झालं, काठावर पणत्या लागल्या. जमलं एकदाचं, असं वाटून कस्तुराबाई त्या रात्री पोटभर जेवली.

त्यानंतर खड्ड्यात काडी पडली नाही. बौद्धवाड्याचा केरही बंद झाला, कारण मंडळाच्या बायकांनी तिथल्या लोकांना हात जोडून सांगितलं, दिव्याच्या जागी घाण टाकू नका. कुणी काठ सारवून घेतला. कुणी रांगोळी काढली. आबाराव हसून म्हणाले, "बाई, तुम्ही खताला जागा मागितली होती. देवळाचं बोलला न्हवता."

कस्तुराबाई तणतणत विठाबाईच्या ओट्यावर गेली. तिथं चारचौघी शेंगा फोडत बसल्या होत्या. घरच्या उकिरड्याला दिवा लावता आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावरच राख ओतता, मग इथंच सोवळं कसलं, असं तिनं विचारलं.

विठाबाई शांतपणे म्हणाली, "घरची लक्ष्मी पोटच्या लेकीवानी. तिला शिळंपाकं चालतंय. ही गावाची, म्हंजी पाव्हणी. पाव्हणीच्या अंगावर केर टाकत्यात व्हय?"

कस्तुराबाईनं कपाळावर हात मारून घेतला. ट्रेनिंगच्या कुठल्याच पुस्तकात हे नव्हतं. ती तशीच खाली बसली, एक शेंग उचलली, फोडली, आणि थकल्या आवाजात म्हणाली, "मावशी, महिना होत आला की ह्या पाहुणीला. तुमच्या घरी कुणी इतकी राहिली तर काय करता?"

"इतकी? मग कसली पाव्हणी," विठाबाई म्हणाली. "चुलीम्होरं बसवतो. थाप म्हणावं भाकरी."

"मग हिलाच कशाला बसून खायला घालता?"

एक बाई फिसकन हसली. विठाबाई मात्र हसली नाही. हातातली शेंग तिनं फोडली. मग सुपातली फोलपटं पदरात घेतली, चप्पल न घालताच चावडीमागं गेली आणि ती खड्ड्यात टाकून आली.

त्यानंतर पाट्यांची रांग लागली. तरी कस्तुराबाईचा जीव काही सुखात नव्हता. कुणी माती आधी टाकायची, कुणी काचा आणि तुटक्या बांगड्या. कुणी चुलीतली धगधगती राख ओतून एक कोपरा पेटवलाच. ती रोज काठावर उभी राहून ओरडायची. पाणी मात्र मागावं लागलं नाही. हंडाभर पाण्यासाठी भांडणाऱ्या त्याच बायका, घरच्या माणसाला द्यावं तसं, धुणं-भांड्यांचं पाणी न बोलता आणून ओतत.

आखितीच्या आदल्या दिवशी खड्डा उघडला. आबारावांनी वाकून मूठभर उचललं. काळंभोर, भुसभुशीत, वास नाही. त्यांनी ते नाकाजवळ नेलं, खाली टाकलं, धोतराला हात पुसला आणि कडब्याचं नाव न काढता निघून गेले.

जागा राहिली. लगेच भांडण सुरू झालं. जिची तिची लक्ष्मी जिला तिला परत पाहिजे होती. माझ्या पाट्या त्या कोपऱ्यात पडल्या, तिथलंच खत माझं, असं प्रत्येकीचं म्हणणं. कस्तुराबाईनं फावडं विठाबाईपुढं टाकलं आणि मटकन बसली.

विठाबाईनं ढिगात हात घातला, खालवर केला. "वळखू येतंय का कुणाला, कुणाची कंची ते?" तिनं पहिली पाटी भरली आणि बौद्धवाड्यातल्या पुतळाबाईच्या डोक्यावर दिली. "हिनं आधी टाकलं हुतं. मग बाकीच्यांनी रांग धरा."

कस्तुराबाई म्हणाली, "सगळ्यांचं मिळून एक, हेच मी वर्षभर सांगत होते, मावशी."

"तुमी थर सांगत हुता, बाई," विठाबाई म्हणाली आणि दुसरी पाटी पुढं ओढली.