आडवा रोलर

रॉकेल आणि उदबत्ती यांचे वास एकत्र आले की मला अजून तो दिवस आठवतो. अष्टमी गावातल्या गॅरेजात मी मिस्त्रींच्या हाताखाली शिकत होतो, आणि आम्ही हमरापूरच्या एका मूर्तिकाराच्या गाडीचं इंजिन रॉकेलनं धुऊन नव्यानं बांधलं होतं. इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या टॅपेटच्या खाली छोटा रोलर असतो, तो कॅमशाफ्टच्या दांड्यावर फिरतो. त्याला सरळ धरणारी पट्टी सैल राहिली, तर रोलर आडवा होऊन नवाकोरा शाफ्ट खरवडून काढतो. चार पट्ट्यांपैकी दोन मिस्त्रींनी बसवल्या होत्या, दोन मी. मूर्तिकार मुहूर्त काढून आला होता. त्यानं इंजिनाला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, नारळ उचलला. "फिरव चावी," मिस्त्री म्हणाले आणि मला एकदम आठवेना, शेवटचा बोल्ट मी आवळला होता की नाही. मी चावीवरून हात काढला. "थांबा," मी कसंबसं म्हणालो, "माझी पट्टी सैल असंल. खात्री नाय." "अवो, मुहूर्त टळतोय!" मूर्तिकार ओरडला. मिस्त्रींनी मात्र वरचं सगळं पुन्हा उतरवलं. माझ्या दोन्ही पट्ट्या घट्ट होत्या. त्यांची एक सैल होती, आणि तिच्याखालचा रोलर फिरून आडवा झाला होता. मिस्त्री आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग पाना माझ्या हातात देऊन हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी माझ्यापण बघत जा." आता मी त्यांच्या वयाचा झालोय, बोल्ट आवळतो, चावीला हात लावतो आणि कुणी "थांबा" म्हणतंय का, म्हणून कान देतो. गॅरेजात मी एकटाच असतो.