हजेरीला एक खरं वाक्य

सर हजेरी घेताना कोणाचंही नाव घेत नसत. ते क्रियापद पुकारत. "एन्जॉय," म्हटलं की एक जण उभा राहायचा, "फिनिश," म्हटलं की दुसरी. शहरातल्या सदर भागात, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा इंग्रजी बोलायला शिकवण्याचा क्लास होता. तिथे पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एक क्रियापद मिळे. ते असं, की त्याच्या पाठोपाठ दुसरं क्रियापद आलं तर त्या दुसऱ्याला 'इंग' लावावंच लागतं. आपल्या क्रियापदाचं एक वाक्य उभं राहून बोलायचं, तीच हजेरी. मला 'अव्हॉइड' मिळालं, म्हणजे टाळणं. सरांना माणूस पाहताक्षणी कळतो, असं मी पुढे कौतुकानं सांगू लागलो. त्या दिवशी मात्र मला सरळसरळ राग आला होता.

वाक्य खरं असलं पाहिजे, ही त्यांची एकच अट. मी पहिल्या दिवशी ऐटीत म्हणालो, "आय अव्हॉइड ईटिंग ऑइली फूड." सरांनी माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. "तर्री कुठची होय गा ही?" सकाळच्या पोह्यांवरची लाल, तेलकट तर्री खिशावर उतरली होती. "खोटं बोलाचं असन तं मराठीत बोलत जाय. तिथं तुले प्रॅक्टिस आहे," म्हणून त्यांनी माझी गैरहजेरी मांडली. पहिल्या महिन्यात मी पहिल्या बाकावर रोज बसूनही बहुतेक दिवस गैरहजर होतो.

आमच्याआधी ते स्वतःची हजेरी द्यायचे. "मास्तराची पहिले," म्हणायचे आणि उभे राहायचे. ते सावनेरहून रोज बसनं येत, त्यामुळे "आय कॅनॉट स्टँड वेटिंग फॉर द सावनेर बस" हे वाक्य आम्ही बऱ्याचदा ऐकलं. एकदा मात्र ते म्हणाले, "माय वाइफ हॅज स्टॉप्ड टॉकिंग टू मी." मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "काहून सर?" काकूंचं औषध तीन दिवस आणायचं राहून गेलं होतं. त्या दिवशी धडा बाजूला ठेवून आम्ही सगळे ते औषध शोधत सदरभर फिरलो.

आता मी सक्करदऱ्यातल्या घरी बसून, कॉम्प्युटरवर, स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवतो. माझ्या आईचा यावर अजून विश्वास बसलेला नाही. त्यांच्या भाषेत दुसरं क्रियापद मूळ रूपात राहतं, म्हणून ते हटकून "आय एन्जॉय टू कुक" म्हणतात. मी सरांची हजेरी तिथे सुरू केली आणि ती चांगली चालली. मग मी इंटरनेटवर माझं एक पान केलं, त्यावर हाताची घडी घातलेला फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'मी स्वतः विकसित केलेली पद्धत'.

एक दिवस सरांचा फोन आला. क्लास बंद करून ते तेव्हा सावनेरलाच असत. "तुहं पान पाह्यलं गा. फोटो चांगला आहे," म्हणाले. पद्धतीबद्दल अवाक्षर नाही. "येतो सर एकदा भेटायला," मी म्हणालो आणि त्यानंतर सहा वर्षं गेलो नाही. सावनेर बसनं तासाभरावर आहे. मला त्यांच्यासमोर जायची मनापासून लाज वाटत होती, आणि ती लाज मी कामाचा व्याप म्हणून खपवत होतो.

चोरी करतानाही मी एक गोष्ट सोयीनं मागे ठेवली होती, ती म्हणजे मास्तराची खरी हजेरी. माझं वाक्य कायमचं ठरलेलं होतं: "आय एन्जॉय स्विमिंग इन द लेक निअर माय हाउस." मला पोहता येत नाही. सक्करदरा तलावाशी माझा संबंध काठावर उभं राहून भुट्टा खाण्यापुरता.

पण माझ्या वर्गात मार्ता आली. कोलंबियात शिवणकाम करणारी, साठीची बाई. परदेशात वाढणाऱ्या नातवाशी बोलता यावं म्हणून शिकत होती आणि वहीत सगळ्यांची हजेरी लिहून ठेवायची. आज पाणी गार होतं का, असं ती मला दर वेळी आस्थेनं विचारी. मी कधी सर्दीचं सांगितलं, कधी पोहण्याचा चष्मा हरवल्याचं. शेवटी एकदा तिनं पेन खाली ठेवून विचारलं, "टीचर, ट्रू?"

आठ चेहरे माझ्याकडे पाहत होते. "नो," मी म्हणालो. "आय कीप अव्हॉइडिंग व्हिजिटिंग माय टीचर." मग पद्धत कोणाची तेही सांगून टाकलं. पुढच्या वर्गात मी तोंड उघडायच्या आत मार्तानं विचारलं, "डिड यू गो?" त्याच्या पुढच्या वर्गातही तेच. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी रविवारची बस धरली.

सर ओसरीवर खुर्चीत बसले होते, फार वाळले होते. मला पाहून आत ओरडले, "अवं, पाह्य तं, अव्हॉइड आला." नाव आठवत नव्हतं की घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. बसमध्ये मी एक वाक्य सात वेळा घोकलं होतं. ते बोलायला तोंड उघडलं, तर सरांनी हात वर केला. "मास्तराची पहिले." मग शांतपणे म्हणाले, "आय हॅड स्टॉप्ड एक्स्पेक्टिंग यू."

माझं घोकलेलं सगळं वाहून गेलं. कसंबसं म्हणालो, "आय रिग्रेट कॉलिंग इट माय मेथड, सर."

"खरं होय?"

"हो सर."

"मंग बस. चहा घेजो."

पुढचे दोन तास ते मार्ताच्या चुका विचारत होते आणि पोट धरून हसत होते. घरी आल्यावर मी पान बदललं, त्यांचं नाव घातलं. फोटोही काढून टाकला.

त्या उन्हाळ्यात सर गेले. काकूंचा फोन आला त्याच दिवशी संध्याकाळी माझा वर्ग होता. हजेरी मास्तराची पहिली. "आय मिस बीइंग कॉल्ड अव्हॉइड," मी म्हणालो. मी नकळत उठून उभा राहिलो होतो, आणि पडद्यावर त्यांना माझं पोटच तेवढं दिसत होतं.

मार्तानं 'ट्रू?' असं विचारलं नाही. वहीत काहीतरी लिहिलं. "सिट, टीचर," ती म्हणाली.

मी बसलो.