होळीवर गेलेली पेटी

बाबूजींनी माझ्या धाकट्या भावाचा हात मोडला तेव्हा मी मॅट्रिकला होते. तळेगावच्या आमच्या अंगणात वेचणीचा कापूस पडला होता आणि त्यावर राखण करायला बाबूजींनी त्याला बसवलं होतं. पहाटे त्याला डुलकी लागली आणि गाईंनी कापसात तोंड घातलं. बाबूजींनी त्याला हाक मारून उठवलं, सरळ उभं केलं आणि मग कोपरावर काठी घातली. हाड वाजलेलं मी स्वयंपाकघरात ऐकलं. आई रडली, मी ओरडले, तर मलाही एक बसली. तो हात पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही.

हे आमचे वडील. दुसऱ्या महायुद्धात कुणी बोलावलं नसताना आपणहून फौजेत गेले, अधिकारी झाले, ब्रह्मदेशच्या जंगलात लढले. परत आल्यावर गावानं त्यांना कॅप्टनसाहेब केलं ते कायमचं. पुढे राजकारणात शिरले, जिल्हा परिषदेवर निवडून आले, सभापती झाले. हात तिथेही सैलच. एका ग्रामसेवकाच्या त्यांनी भर सभेत कानफटात मारली होती आणि लोक ते कौतुकानं सांगायचे. या कौतुकाची मला अजून चीड येते. ज्यानं मार खाल्ला त्याच्या घरी जाऊन कुणी विचारत नाही.

त्यांचे कागद एका सागवानी पेटीत होते. लढाईतल्या रोजनिश्या, हुकूम, हातानं काढलेले नकाशे, नंतरचे भाषणांचे मसुदे, निवडणुकीची पत्रकं, लोकांचे अर्ज. दर उन्हाळ्यात ते खाटेवर पसरून ऊन दाखवायचे आणि आल्यागेल्याला वाचून दाखवायचे. आवडतं पान एकच. पहाऱ्यावर झोपलेल्या आपल्याच जवानाचा जबडा त्यांनी बंदुकीच्या दस्त्यानं फोडला होता आणि तसं लिहून ठेवलं होतं. तोंडातून रक्त गळत असताना तो जवान कसा ताठ उभा राहिला, तिथे आलं की बाबूजींचा आवाज चढायचा. आम्ही ते जेवताना ऐकलेलं आहे.

एकोणीसशे नव्वदच्या दशकाअखेर त्यांची नजर पार गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेईनात. पान हातात धरून ते पाठ म्हणायचे. आता त्यांचा एकच ध्यास होता, आपण जायच्या आत हे कागद कुठेतरी नीट लागले पाहिजेत. मी वर्ध्याला शिक्षिका, राहायला सिंदी मेघेला. एका कॉलेजच्या ग्रंथालयाशी बोलून मी ते जमवलं. त्यांच्यावरच्या प्रेमापोटी नव्हे. आपल्याकडच्या माणसानं लढाई इतकी उघडी लिहिलेली मी दुसरीकडे वाचली नव्हती, म्हणून. धुळवड झाली की जीप येणार होती आणि पेटी जाणार होती. मी होळीच्या आदल्या दिवशीच एसटीनं तळेगावला पोचले.

होळीच्या दुपारी बाबूजींचे जुने कार्यकर्ते भेटायला आले. भाऊ चहा देत होता. शेती तो बघायचा, आई गेल्यावर बाबूजींना न्हाऊमाखू घालणंही त्याच्याकडेच होतं. बाबूजींनी ते पान म्हणून दाखवलं. मग भावाच्या दिशेनं बोट करून म्हणाले, "याच्यावरबी मी तोच इलाज केलता. पुन्हा झोपला का, इचारा त्याले."

लोक हसले. एक जण म्हणाला, "कॅप्टनसाहेब, आता तसा बाप राह्यला नाई."

भावानं ट्रे खाली ठेवला आणि तो आत गेला. मला वाटलं, साखर आणायला गेला.

आमच्याकडे होळीचं लाकूड चोरायचं असतं. कुणाचं फाटक जातं, कुणाची खाट. एकदा ढिगावर चढलेली वस्तू मालकानं परत मागायची नाही, काढायची तर मुळीच नाही. घरावर संकट येतं म्हणतात. मालक शिव्या देत बघत उभा राहतो आणि बाकीचे बोंबा मारतात. आमच्या आळीची होळी पेटवायचा मान बाबूजींचा होता. दिवेलागणीला त्यांना धरून नेलं, हातात पेटता टेंभा दिला. त्यांनी ढिगाभोवती फेरी मारली, टेंभा आत खुपसला आणि सगळ्यांत मोठी बोंब त्यांनीच ठोकली.

ज्वाळा वर चढल्या तेव्हा शेणाच्या चाकोल्यांच्या, भोकाच्या छोट्या गोवऱ्यांच्या, माळांखाली मला पेटीचा कोपरा दिसला. मी किंचाळले, "बाबूजी, पेटी! आपली पेटी!"

त्यांना कळायला क्षणभर लागला. तेवढ्यात झाकण तडकलं आणि जळते कागद लोकांच्या डोक्यांवरून उडायला लागले. बाबूजी सरळ आगीत शिरले. दोन्ही हात कोपरापर्यंत आत. दोघांनी त्यांना मागून ओढलं. "होळीवर गेलेलं काढत नाईत, कॅप्टनसाहेब!" असं ओरडणाऱ्याच्या तोंडावर त्यांनी आवाजाच्या रोखानं काखेतली काठी काढून हाणली, त्याचा ओठ फाटला. भाऊ पुढे आला, त्यांच्या कमरेला मिठी मारली.

"कोनं ठेवली?" बाबूजी ओरडले.

"मी ठेवली, बाबूजी. आता सोडा, जळसान तुमी!"

काठी त्याच्या कपाळावर बसली. पुन्हा बसली. रक्त डोळ्यांत उतरलं तरी त्यानं मिठी सोडली नाही. ओढत मागे आणलं त्यांना. तेव्हा त्यांच्या तळहातांची सालं लोंबत होती आणि मुठीत एकही कागद नव्हता.

आणि मी काय केलं? मी भावाची कॉलर धरली आणि सगळ्या आळीसमोर त्याला मारलं. तोंडावर, छातीवर, हात दुखेपर्यंत. शेवटी मीही त्याच बापाची लेक. तो म्हणाला, "मार, ताई. या घरात मीच उरलो न मार खाले." मी थांबले, पण राग गेला नाही. कागद माझेही जळले होते.

दवाखान्यातून बाबूजींना मी सिंदी मेघेला आणलं. दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले. भाऊ बरोबर आला, कपाळाला टाके घेऊन. मला शाळा होती, त्यामुळे घास भरवायचा त्यानं. बाबूजींनी पहिला घास त्याच्या तोंडावर थुंकला. दुसऱ्या दिवशीही थुंकला. भाऊ तोंड पुसायचा आणि पुढचा घास करायचा. दोघं एकमेकांशी शब्द बोलत नव्हते. शाळेत माझं लक्ष लागेना. परत घरी जाऊन काय बघावं लागेल, हीच धास्ती.

बाबूजी फौजेतून आले तेव्हापासून रोज दाढी करत. आता खुंट वाढले होते, खाजत होते आणि हात कामाचे नव्हते. न्हाव्याला बोलवायला मी तयार होते. बाबूजी नको म्हणाले. हे असं कुणा परक्याला दिसायला नको होतं त्यांना.

एका सकाळी मी शाळेला निघाले तर भाऊ ओसरीत त्यांच्यासमोर बसलेला. साबण लावून झाला होता. हातात वस्तरा. माझी चप्पल पायात अर्धी राहिली. मी भावाला ओळखत होते आणि ओळखतही नव्हते. कपाळावरचे टाके अजून लाल होते. ओरडावं की पुढे जावं, मला सुचेना.

"मान वर करा," भाऊ म्हणाला. बाबूजींना कुणी हुकूम केलेला मी जन्मात ऐकला नव्हता.

त्यांनी ऐकलं. आंधळे डोळे मिटले आणि मान वर केली. पात्यानं गळ्याला स्पर्श केला तशी त्यांची हनुवटी थरथरायला लागली, मग खांदे. ते घाबरले होते. ज्या भीतीत आम्ही वाढलो ती मी त्यांच्या अंगावर पहिल्यांदा बघत होते आणि मला आनंद झाला नाही, नुसतं रडू आलं.

भावानं वस्तरा मागे घेतला. मोकळा हात त्यांच्या डोक्यामागे आधाराला ठेवला.

"हलू नका, बाबूजी," तो म्हणाला. "लागंल तुमाले."