भिंतीकडे तोंड करून

कोणी पासवर्ड टाकायला लागलं की मन्मथअप्पा पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करायचे. समोर मोठे डॉक्टर असोत, नाहीतर केसपेपर काढणारी पोरगी. "जेवणाऱ्याच्या ताटात बघावं का आपण? तसंच हाय हे," म्हणायचे.

परभणीतल्या एका खाजगी दवाखान्याचं सगळं नेटवर्क अप्पांच्या हातात होतं. रोज पूर्णेहून रेल्वेनं यायचे. कपाळावर भस्माचे पट्टे, डब्यात ज्वारीची भाकरी. मी कुडाळकडचा, नववीत शाळा सोडलेला, केबल टाकायच्या कामावर इतक्या लांब आलेला. माझं काम बघून अप्पांनी मला ठेवून घेतलं. मालकांनी सर्टिफिकेट विचारलं तेव्हा म्हणाले, हा माझ्या शब्दावर. तेव्हापासून मला एकच धास्ती, तो शब्द माझ्यामुळे खाली पडू नये.

त्यांचा आणखी एक नियम होता. ज्या वायरीला हात लावाल, ती आधी वहीत लिहा. मी टाळायचो. तिशी उलटली तरी माझं अक्षर बघून मलाच लाज वाटायची.

एका सोमवारी ओपीडी तुडुंब भरलेली. सगळ्या वायरी ज्या पेटीत जोडतात त्या स्विचजवळ एक वायर लोंबकळत होती. बरं दिसत नाही म्हणून मी तिचं टोक रिकाम्या जागेत खोचलं आणि येऊन बसलो. जरा वेळानं देखरेखीच्या स्क्रीनवरचे हिरवे ठिपके एकामागून एक लाल व्हायला लागले. लॅबचे रिपोर्ट अडकले. वर ऑपरेशन थिएटरात एक बाळंतीण होती, तिच्या रक्ताचा रिपोर्ट हवा होता. अप्पांनी आधी तो कागदावर देऊन वॉर्डबॉयला जिन्यानं वर पळवलं, मग नेटवर्कमध्ये बाहेरून कोणी घुसलंय का ते तपासायला बसले. मालक दारात येऊन उभे. मला वायर आठवली.

अप्पा माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "गावडे, सकाळपासून कशाकशाला हात लावला तू?"

मी मालकांकडे बघितलं. मग म्हटलं, "एक सैल वायर होती, अप्पा. मी खोचली."

तिची दोन्ही टोकं एकाच पेटीत गेली होती आणि आतल्या आत सगळं गरगरत होतं. अप्पांनी वायर उपटली. ठिपके हिरवे झाले, तरी त्यांनी थिएटरला फोन लावलाच. "रिपोर्ट दिसायलाय का, सिस्टर? बाई कशी हाय?" बाई बरी होती.

न शिकलेली माणसं ठेवली की हेच होणार, असं मालक म्हणाले. अप्पा शांतपणे म्हणाले, "शिकलेल्यानं लपवलं असतं, तर आपण अजून शोधत बसलो असतो, सायब."

मालक गेल्यावर अप्पांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी पेन उचललं, आणि अप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

यंदा ते रिटायर झाले. जाणाऱ्या माणसाला ठाऊक असलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलायचा, हा नियमही त्यांचाच. शेवटच्या दुपारी त्यांनी मला आपल्या खुर्चीत बसवलं आणि पाठ फिरवली. नवा पासवर्ड टाकून झाला. त्यांच्या गाडीची वेळ होत आली होती. तरी "झालं, अप्पा" म्हणायला मला वेळ लागला. तोवर ते तसेच उभे होते.