ओल्या काचेचे रावसार

रावसारांचा आवाज चढलेला मी फक्त एकदाच ऐकला, आणि तो माझ्यावरच चढला होता. सांगलीहून येऊन चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या या कारखान्यात केमिस्ट म्हणून रुजू झाले, त्याचा तिसरा दिवस. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड बीकरमधून काढला आणि टोकाचा काचेचा फुगा टिश्यूने चांगला घासून कोरडा केला. रावसार खुर्चीवरून उठलेच. "पुसायचं नाही मा, टिपायचं. डोळा असा पुसतेस काय?"

आमच्याकडे गाड्यांच्या सुट्या भागांवर निकेल चढवतात. तिथून निघणारं आंबट पाणी चुन्याने शांत करून मगच नाल्यात सोडायचं, आणि ते शांत झालं की नाही हे ठरवणारी प्रयोगशाळा रावसारांची. मूळ तंजावरचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वीचे काही शब्द त्यांच्या बोलण्यात जसेच्या तसे होते, चाल मात्र पक्की तमिळ, मला हाक मारायचे तीही तमिळ वळणाने, ‘मा’. माझ्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून रोज डब्यातलं अर्धं पुळिसादम, म्हणजे चिंचेचा भात, माझ्या ताटात टाकायचे.

त्या काचेविषयी कुणी चुकीचं बोललं की ते हातातलं काम सोडून शिकवायला बसत. मी कॉलेजात पाठ केलेलं उत्तर फेकलं होतं, हायड्रोजनचे आयन काचेतून आत जातात म्हणून. "आंत कोणीही जात नाही," ते म्हणाले. "कोरडी काच मुकी असते. भिजली की वरचा थर फुगतो, त्यातलं सोडियम सुटतं आणि पाण्यातला हायड्रोजन येऊन त्या जागीं बसतो. बाहेर किती बसले, आंतल्या बाजूस किती, त्या फरकाचा इवलासा व्होल्टेज. तोच मीटर वाचितो. सेरी? कळलं?" बाकीच्या आयनांना ही काच सहसा दारात उभं करत नाही. पाणी फारच अल्कधर्मी झालं आणि हायड्रोजन दुर्मिळ झाला, की मात्र तीही सोडियमला हायड्रोजन समजून बसते. तेवढी एक चूक ते तिला माफ करत. "तिला दिसतंय तेंच सांगते बिचारी. खोटं सांगायला माणूस लागतो."

सकाळी आल्या आल्या चार, सात आणि दहा पीएचच्या बफरमध्ये, म्हणजे पीएच न हलणाऱ्या द्रावणात, इलेक्ट्रोड तपासायचा, वहीत नोंद करायची, सही करायची. मग नाल्यावरच्या मीटरचा पडदा बघायचा. हा मीटर थेट प्रदूषण मंडळाच्या सरकारी ऑफिसला जोडलेला. त्यावर आकडा जरा वरखाली होत असला की रावसार खूश. "खऱ्या पाण्यात आकडा हलतोच, मा."

गेल्या महिन्यात ते चार दिवस गावी गेले आणि त्याच दिवशी इकडे चुना सोडणारा पंप बंद पडला. माल वेळेत जायचा होता, म्हणून मॅनेजरने लाइन थांबवली नाही. त्या मीटरचा नाल्यातला प्रोब, म्हणजे इलेक्ट्रोडच, काढून बादलीत ठेवायचं ठरलं, आणि बादलीत काय घालायचं ते करायला मला सांगितलं. सात पीएचचं बफर. "दोनच दिवस," मॅनेजर म्हणाला. मी केलं. वर लाज वाटावी इतकं नीट केलं: बफरच्या कॅप्सूल मोजून, डिस्टिल्ड पाण्यात, रावसारांनी शिकवलं तसं. आंबट पाणी तसंच मागच्या एरीत गेलं. त्या तळ्यावर गावातल्या शेळ्या पाणी पितात. हे लिहितानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि निम्मी आग माझ्यावरच आहे.

रावसार परतले आणि पडद्यासमोर उभे राहिले. ७.००. चार दिवसांची रेघ सरळ.

"हें पाणी आपलं नव्हे," ते म्हणाले आणि नाल्याकडे गेले. मी मागोमाग. बादली पाहून त्यांनी विचारलं, "बफर कोणी केलं?"

"मी."

"चांगलं झालंय."

त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्यांनी प्रोब काढला, धुतला, टिपला आणि नाल्यात सोडला. आकडा घसरत ३.२ वर आला आणि भोंगा वाजू लागला. मॅनेजर धावत आला. प्रोब परत बादलीत ठेवा म्हणाला. रावसार नाही म्हणाले. तसं असेल तर उद्यापासून येऊ नका, असं त्याने भोंगा ऐकून जमलेल्या आमच्या सगळ्यांसमोर त्यांना सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, फाशीची दोरी धरायला आपल्याला बोलावतील असं वाटलं नव्हतं. कारण मग मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं, आणि मी प्रोब उचलून बादलीत ठेवला. ठेवण्याआधी टिपला. पुसला नाही.

रावसारांनी ते पाहिलं. "पोदुम, मा," पुरे, एवढंच म्हणाले. प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी वहीत त्या दिवसाची नोंद केली, सही केली, डबा घेतला आणि गेले.

त्या पानावर त्यांच्या तिरप्या अक्षरात लिहिलंय, नाल्याचं पाणी ३.२. त्याखाली मॅनेजरने माझ्याकडून लिहून घेतलंय, ७.००, आणि माझी सही आहे. आता तो म्हणतो पान फाड. पंप दुरुस्त झालाय, प्रोब नाल्यात परत गेलाय, विषय संपला, असं त्याचं म्हणणं. त्याचा संपला असेल. सोमवारी सरकारी ऑफिसचे लोक तपासणीला येणार आहेत. ते पान त्यांनी वाचलं तर माझी नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही होईल.

वही मी टेबलावर त्याच पानाशी उघडी ठेवणार आहे. हे लिहिताना हात थरथरतोय. थरथरू दे. खऱ्या पाण्यात आकडा हलतोच.