शांतामावशीची मान

आधीच सांगते, मी तोंडाने फटकळ आहे. ठाण्यापुढच्या दिवा गावात राहते. नळावर भांडल्याशिवाय दोन हंडे पाणी मिळत नाही, तिथं गोड बोलायची सवय लागणार कुठून? पण शांतामावशीचं जे झालं, ते नुसत्या माझ्या तोंडामुळे नाही झालं. ते कुणाला तरी सांगायलाच पाहिजे, म्हणून सांगते.

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमचं लहानसं युनिट आहे. आम्ही वेटसूट शिवतो. परदेशात लोक समुद्रात फळीवर उभे राहून लाटांवर खेळतात ना, त्यांचा अंगाला चिकटून बसणारा रबरी सूट. आमच्यापैकी एकीनेही तो कधी घातलेला नाही. मी मशीनवर, म्हणजे सगळे जोड माझ्या हातचे. शांतामावशी चेकिंगला. शहाडहून यायची, वय सत्तावन्न. आत आली की सगळ्यांना जयभीम घालायची, चहा घ्यायची आणि कामाला लागायची. गप्पा नाहीत, काही नाहीत.

या सूटचं एक दुखणं आहे. खाऱ्या पाण्यात तास-दोन तास रबर अंगावर घासलं की मानेला, काखेत, मांड्यांना पुरळ उठतं. कातडी सोलून निघते. म्हणून आतली शिवण एकदम सपाट लागते. बाकीच्या चेकर बोट फिरवून बघायच्या. मावशी सूट उलटा करायची, डोळे मिटायची आणि गळ्याची शिवण स्वतःच्या मानेवरून हळूहळू ओढायची.

"बोटांना काय कळतंय? भांडी घासून घासून मेलीत ती," म्हणायची. "मान खरं सांगते."

आणि खरंच सांगायची. दोऱ्याचं केसाएवढं टोक वर आलेलं असलं तरी मावशी डोळे उघडायची. "बोचतंय." की तो पीस परत माझ्या मशीनवर. मी उसवायचे, शिव्या घालायचे, पुन्हा टीप मारायचे.

एकदा आमचे मालक रवींद्र सर सूटसोबत जाणारं कार्ड वाचून दाखवत होते. आत पातळ लायक्राचा शर्ट घाला, मानेला व्हॅसलीन लावा, वापरून झाल्यावर सूट गोड्या पाण्यात धुवा, म्हणजे पुरळ येणार नाही. मावशी फट्‌कन म्हणाली, "एवढं सगळं त्यांनीच करायचं, तर आपण काय शिवलं, सर?" सर हसले, पण त्या दिवसापासून मावशीने पास केल्याशिवाय एक पीस बाहेर गेला नाही.

हे तिच्यासाठी किती मोठं होतं, ते मला एकदा डबा खाताना कळलं. घरी नवरा कुंडलिक, कडक माणूस. भाजी कुठली करायची तेसुद्धा आधी सासूने ठरवलं, मग नवऱ्याने, आता मुलगा आणि सून ठरवतात. "हेमा," ती म्हणाली, "आख्ख्या जन्मात माझ्या 'नाही'ला कुणी किंमत दिली नाही गं. इथं मी नाही म्हटलं की माल थांबतो."

आणि नेमकी तिच्याच मानेला खाज सुटली. आधी लाल चट्टा, मग बारीक पुरळ, मग पाणी सुटायला लागलं. ज्या पुरळापासून ती दुसऱ्यांना वाचवायची, तेच हिच्या गळ्यात. रोज शे-दीडशे वेळा नवं रबर घासायचं, त्याला चिकटवायचा गोंद, वर घाम. ती पदर घट्ट ओढून घ्यायची. मी म्हटलं, "अगं, मध्ये एखादा मऊ कपडा धर ना." तर म्हणे, "मग कळणार कसं?" हळद झाली, खोबरेल झालं, पावडर झाली. काही उपयोग नाही.

मला बघवेना. माझ्या पर्समध्ये एक ट्यूब असायची. आमच्याकडच्या मेडिकलवाल्याने नायट्यासाठी दिलेली, दोन दिवसांत फरक पडायचा. मी म्हटलं, "घे, ही लाव. डॉक्टरकडे जाऊन आख्खा दिवस घालवू नकोस." चांगल्या मनाने दिली हो, देवाशप्पथ!

चार दिवसांत मान साफ. मावशीने माझ्यासाठी डब्यात तिळाची चटणी आणली. ट्यूब संपली की मीच नवी आणून द्यायचे. सात-आठ महिने ती दोन वेळा लावत होती, कारण सोडली की दुप्पट उठायचं.

मग मावशी बिघडली. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. दिवसाला पाच-सहा पीस परत यायचे, ते वीस यायला लागले, मग तीस. मी उसवून उसवून हैराण. शिवण सरळ, दोरा बसलेला, आणि ही म्हणते बोचतंय! एका दिवशी तर साठ पीस तिने अडवले. सर माझ्यावर ओरडले की तुझा हात बिघडलाय. माझं डोकं फिरलं. मला वाटलं, म्हातारी माझ्यावर खार खाऊन आहे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मी कटिंगच्या टेबलावरून गळ्याचा एक तुकडा उचलला. नुसता कापलेला, मशीनखाली गेलेलाच नाही. सगळ्यांदेखत मावशीच्या हातात दिला. "हा बघ गं मावशी. आज एकदम जपून शिवलाय."

तिने डोळे मिटले. मानेवरून ओढला. तिचा चेहरा असा वाकडा झाला की मला जिंकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं.

"बोचतंय," ती म्हणाली. "खूप बोचतंय, हेमा."

"नीट बघ की. कुठं शिवण आहे त्याला?"

तिने डोळे उघडले. तुकडा उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. दोन बायका फिदीफिदी हसल्या. मावशीने तुकडा टेबलावर ठेवला, हाताने सपाट केला आणि ती सरांच्या केबिनकडे गेली. दार उघडंच होतं. "सर, मला आता कळत नाही," एवढंच ऐकू आलं. सर म्हणाले, थोडे दिवस आराम करा. ती म्हणाली, "नाही. दुसरी बघा."

तो 'नाही' सरांनी मानला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते साठ पीस स्वतः तपासले. चोपन्न चांगले निघाले.

मला झोप लागेना. पुढच्या आठवड्यात मी शहाडला तिच्या घरी गेले आणि तिला जबरदस्तीने ठाण्यात कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे आणलं. बाईंनी भिंगातून मान बघितली. कातडी इतकी पातळ झालेली की आतल्या लाल शिरा दिसत होत्या. "काय लावत होता?" मावशीने मानेने चेकिंग करायचं ते सांगितलं आणि पिशवीतून चेपलेली ट्यूब काढली.

बाई भडकल्याच. "स्टेरॉइड आहे हे! महिनोन्‌महिने लावलंत? कातडी खाऊन टाकलीय याने. आता वारा लागला तरी झोंबणार. मूळ त्रास रबराची ॲलर्जी होती. तेव्हाच आला असतात तर महिन्याभरात बऱ्या झाला असतात, चेकिंग हातमोजे घालून बोटांनी करत राहिला असतात." मग म्हणाल्या, "हळूहळू भरेल थोडीफार. पण रबराला आता हात नाही लावायचा. कधीच नाही. कुणी दिली ही ट्यूब?"

मी शेजारीच बसले होते.

"मेडिकलमधून घेतली," मावशी म्हणाली.

खाली जिन्यात मी तिला अडवलं. "माझं नाव का नाही घेतलंस? तुझं काम माझ्यामुळे गेलं. तो तुकडापण मीच दिला. चार शिव्या तरी घाल ना मला!"

ती कठड्याला धरून उभी राहिली. पदर मानेला लागू नये म्हणून तिने तो खांद्यावरून खाली सोडला होता. "काम गेलं, हेमा. घरी आता परत मला कुणी विचारत नाही. मी नाही म्हटलं की ऐकणारी, मला मानणारी, तू एकटी उरलीस. तुझं नाव घेऊन तुलापण घालवू?"

मी तिथंच पायरीवर बसून रडायला लागले. लोक बाजूने वर-खाली जात होते. ती माझ्या शेजारी बसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत मलाच गप्प करत राहिली.