थोरल्या मावशींचं नाक

आमच्या रुग्णालयात थोरल्या मावशींच्या नाकाचा दरारा मोठ्या डॉक्टरांपेक्षा जास्त होता. सत्तावीस वर्षं त्या वॉर्डांची सफाई बघत आल्या. बादलीत फिनेल किती पडलं, हे त्या जिन्यातूनच सांगायच्या. "पाणी जास्त झालंय गं!" अशी वरून हाक आली की खाली धाकट्या मावशी मुकाट्याने पुन्हा बाटली उघडायच्या. नाकावर माशी बसू न देणारी बाई म्हणतात ती हीच.

साथीची लस आली तेव्हा टोचायचं काम माझ्याकडे होतं. कार्डावर एक रकाना होता: हा आजार आधी होऊन गेला आहे का?

"छे! मला काय धाड भरलीये?" मावशी म्हणाल्या. मी 'नाही' लिहिलं. त्यांना उलट विचारायची माझी काय टाप!

संध्याकाळी मावशी तापाने फणफणल्या. दंड सुजला, अंग मोडून आलं, दोन दिवस अंथरूण सुटलं नाही. त्याच दिवशी लस घेतलेल्या आम्हा आठ नर्सना मात्र दंड दुखण्यापलीकडे काही झालं नाही. बातमी फिरली आणि सफाईच्या अकराच्या अकरा जणांनी पाय मागे घेतला. त्यांची पाळी शुक्रवारी होती.

"एवढी दणकट बाई आडवी झाली, तिथे आमचा काय पाड?" त्या अकरांतले, लिफ्ट पुसणारे लिफ्टमामा म्हणाले.

वॉर्डात साथीचे पेशंट येतच होते आणि हे अकरा जण रोज त्यांच्याच खाटांखालून फरशी पुसत होते. मला धडकी भरली.

शिवाय एक शंकाही होती. ज्यांना आजार होऊन गेलेला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्याच डोसला दणकून ताप येत होता. शरीराला तो शत्रू ओळखीचा, म्हणून ते त्वेषाने उठतं. आणि या आजारात बऱ्याच जणांना वास येणंही बंद व्हायचं. मावशी कामावर आल्या तेव्हा मी त्यांच्या नाकाशी कापसाचा बोळा धरला.

"कशाचा आहे, सांगा बघू."

"स्पिरिटचा. हे काय विचारणं झालं?"

"साध्या पाण्याचा आहे, मावशी."

त्या मटकन स्टुलावर बसल्या. "मागे सर्दी म्हणून आठवडाभर रजा घेतली ना, तेव्हाच गेला वास. ताप नाही, खोकला नाही. म्हटलं, येईल परत. सहा महिने झाले, सिस्टर."

"मग बोलला का नाहीत?"

"नाक गेल्यावर मला इथे कोण विचारणार?"

तरी मी सांगितलंच, "तो ताप का आला, हे त्या अकरा जणांना कळलं नाही, तर ते लस घेणार नाहीत. आणि हे तुमच्याशिवाय कुणी सांगू नये."

मावशी बराच वेळ एप्रनची नाडी गुंडाळत आणि सोडत राहिल्या.

शुक्रवारी सकाळी बादल्यांच्या खोलीत त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. धाकट्या मावशी म्हणाल्या, "नाक गेलंय हे आम्हाला कधीचं ठाऊक आहे."

"कसं काय?"

"तुम्ही फिनेलची अर्धी अर्धी बाटली ओतायला लावू लागलात. तुमची पाठ वळली की मी गुपचूप पाणी घालायचे. आम्हाला वाटलं, वय झालं. बोललं तर तुम्हाला लागेल."

आता भडका उडणार म्हणून मी दाराकडे सरकले. पण मावशींचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे तो ताप त्या जुन्या दुखण्यामुळे?" लिफ्टमामांनी मला विचारलं.

"बहुतेक. तुम्हालाही येईल कदाचित. दोन दिवसांत जाईल."

मामांनी बाही वर केली. त्यांच्यामागे रांग लागली. रांगेतल्या दोघांनी हळूच माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "सिस्टर, माझ्याही रकान्यात 'हो' लिहा. गेल्या वर्षी तोंडाची चवच गेली होती."

मावशींनी पदराने नाक पुसलं आणि धाकट्या मावशींपुढे बादली सरकवली.

"उद्यापासून पाणी माझ्यासमोर घालायचं," त्या म्हणाल्या. "आणि किती, ते तू मला सांगायचं."